नावेचं वाळवण

यंदाच्या उन्हाळ्यात सिंदी मेघेतल्या सगळ्या गच्च्यांवर कुरड्या वाळत होत्या आणि आमच्या अंगणात नाव. तीही शिडाची! रिटायर झाल्यावर लोक योगा करतात. आमच्या ह्यांनी कुणीतरी टाकून दिलेली जुनी लाकडी नाव उचलून आणली. सावंगीच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिलेली, आणि ह्यांचा हट्ट एकच, त्याआधी एकदा तरी ही धरणात चालवायची. नंतर गुडघा वाकेल न वाकेल.

नाव दोन बाजांवर पालथी घातली. पॉलिश पेपरने घासून घासून बुडाचा जुना रंग काढला. शेजारचे भाऊजी रोज चहाला टपकायचे.

"भाऊ, बुडाचा रंग कोनाले दिसते?"

"मासोळ्याईले," हे म्हणायचे.

प्रायमर मारला आणि नाव तशीच भर उन्हात ठेवली. का, तर वर्ध्याचं ऊन फुकट आहे, चांगली कडक वाळू द्यावी. वाळली की! एका सकाळी मी नावेखाली डोकं घालून पाहिलं, तर फळ्यांच्या फटींतून आभाळ दिसत होतं.

हे मटकन खाली बसले. मग लांबीचा, म्हणजे लाकडाच्या भेगा बुजवायच्या लुकणाचा, डबा घेऊन फटी ठासायला निघाले. मी डबा हिसकावला.

"डोकं फिरलं काय जी? पान्यात लाकूड फुगलं का हे सारं बाहेर येईन ना!"

माझं माहेर आंजीचं. उन्हानं बैलबंडीचं चाक ढिलं झालं की बाबा ते डोहात टाकून ठेवायचे. मी नाव सुलटी करायला लावली, बाहेरून ओली पोती लावली, आत पाणी ओतलं. ओतलेलं सगळं अंगणात.

भाऊजी पोट धरून हसले. "वहिनी, नाव पान्यात राह्यते का पानी नावेत?"

मी पाइपच त्यांच्याकडे वळवला. पण हळूहळू गळती थांबली, फळ्या एकमेकींना चिकटल्या. मग सावलीत सुकवून पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर. ह्यांचा गुडघा असा सुजला, की लाल रंगाचा शेवटचा हात मीच मारला.

धरणावर भाऊजींनी नावेला लांब दोर बांधला आणि ती पाण्यात लोटली. तरंगली! आणि ह्यांना पायच उचलता येईना. कमरेएवढ्या पाण्यात उभे, नावेच्या काठाला धरून. एवढं करून! त्यांचं तोंड पाहून मला रडू आलं, मग संताप आला. पाण्याची मला भयंकर धास्ती, पोहणं तर येतच नाही. तरी साडी खोचली आणि आधी मीच चढले.

"द्या हात!"

मागून भाऊजींनी लोटलं, वरून मी ओढलं, आणि हे गव्हाच्या पोत्यासारखे आत येऊन उताणे पडले. शिडात थोडा वारा भरला. नाव सरकली. हे काही उठेनात, पडल्या पडल्या शिडाकडे पाहत राहिले. मी घाबरून त्यांच्या पाठीखाली, नावेच्या तळाला हात लावला.

"येऊन राह्यलं का पानी?" ह्यांनी विचारलं.

"नाई जी. कोरडं हाय."

"मंग राहू दे मले असाच," हे म्हणाले. "आता कापू दे डॉक्टरले गुडघा."