केळीचं पाणी थांबवून दिलेली वीज

तुमच्या तत्त्वासाठी आजवर उपास कोणी केला, तुम्ही की तुमच्या घरच्यांनी? मला हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. विचारला असता तरी मी त्याच्यावरच एक पत्रक काढलं असतं. मी पत्रकं वाचतच वाढले. शाळेत असताना ती भिंतींना चिकटवली, कॉलेजात स्वतः लिहिली: धुराविरुद्ध, कोळशाविरुद्ध, तापीतल्या वाळूच्या उपशाविरुद्ध. देवाविरुद्ध कधी लिहिलं नाही, पण त्याच्याकडे कधी काही मागितलंही नाही. मागणं मला कमीपणाचं वाटायचं.

माझे वडील, आबा, भुसावळला डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सगळे भाऊबंद गावी जमतात, देवीचा नारळ चौरंगावर मांडतात, मग रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, जेवण होतं आणि सोमवारी सकाळी विसर्जन. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे. तिथे आबांचे थोरले भाऊ, नाना, दर वर्षी एकटे देवी बसवत, कारण आबांना त्या रविवारी कधीच सुटी मिळाली नाही. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून नारळ मांडायचा असं ठरलं होतं. पण आबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, ते बंगळूरला माझ्याकडे आले आणि दोन श्रावण तसेच गेले. तिसऱ्या वर्षी नानांनी फोनवर एवढंच सांगितलं की आता माझे हात थरथरतात, यंदा ये.

आबांकडे रेल्वेचा पास होता. एका गाडीत बसले असते तर ते सरळ भुसावळला उतरले असते. मी हट्ट धरला की माझ्या इलेक्ट्रिक गाडीनं जाऊ. एवढा लांबचा प्रवास धुराशिवाय होतो हे मला दाखवायचं होतं, आबांना, ऑफिसला, गावाला. आबांनी पास पाकिटात ठेवून दिला. दोन दिवस ते शेजारी बसून होते. चार्जिंगला थांबलो की उतरून गाडीभोवती फेरी मारायचे आणि म्हणायचे की इंजिन एवढं मुकं असलं तर आजारी पडल्यावर कळणार कसं.

रविवारी दुपारी धुळ्याजवळ आलो. आबांचा सकाळपासून उपास होता, रोटाशिवाय सोडायचा नव्हता. दोन दिवसांपूर्वी सुटलेल्या कोरड्या वादळी वाऱ्यानं सगळ्या भागातली लाईट गेली होती. महामार्गावरच्या एका हॉटेलात चार्जर तेवढा चालू होता. मी वायर लावली आणि मागून घरघर ऐकू आली. तिथं डिझेलचा जनरेटर चालला होता. मी वायर काढून घेतली.

"डिझेलच्या विजेवर माझी गाडी चालणार नाही."

"पोरी, तू स्वतः डिझेलवरच वाढली," आबा म्हणाले. "लाव. नाना वाट बघत असेल."

मी लावली नाही. अमळनेरला चार्जर आहे असं फोनवर दिसत होतं. अमळनेरचाही बंद होता. मग एसी बंद करून, काचा खाली करून, बैलगाडीच्या चालीनं पुढे निघालो. तापीच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना केळीचे मळे असलेल्या रस्त्यावर गाडी थांबली. तीन वाजले होते आणि नानांनी दिवेलागणीच्या आत देवी बसवायचं ठरवलं होतं.

आबा खाली उतरून बांधावर बसले. चेहरा उतरला होता, ओठ कोरडे पडले होते. त्यांनी उत्तरेला, गावाच्या दिशेनं हात जोडले. मी गाडीला टेकून उभी होते. मला पहिल्यांदाच काहीतरी मागावंसं वाटलं, पण कसं मागायचं ते माहीत नव्हतं. त्याच वेळी समोरच्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीवरचा दिवा लागला. दोन दिवसांनी लाईट आली होती. याचा अर्थ मी कोणाला पटवायला जाणार नाही. जे झालं ते असं झालं.

मोटार सुरू करायला एक बाई लगबगीनं आल्या. वयानं आबांच्याच आसपास असतील. आबांनी त्यांना अक्का म्हणून हाक मारली आणि आमची अडचण सांगितली. त्यांनी स्टार्टरशेजारचा बोर्ड दाखवला. मी गाडी लावली, त्यांनी मोटार सुरू केली आणि विजेचा दाब कमी पडून ती लगेच बंद झाली. पुन्हा तसंच. गाडी किंवा केळी, एकालाच वीज मिळणार होती. घड लागलेले, पानं कडेनं वाळलेली, पंधरा दिवस पावसाची उघडीप. मी वायर काढायला वाकले.

"कानबाईना रोटले जाई राह्यनात ना?" अक्कांनी मला थांबवलं. "मंग ऱ्हाऊ दे. केळीले सकाय पाणी दिसू."

आबांनी विचारलं, तुमच्याकडे देवी नाही का बसवली? त्या म्हणाल्या की मालक चैत्रात गेले, वर्षभराचं सुतक आहे, यंदा रोट नाही. एवढं सांगून त्या केळीच्या सावलीत जाऊन बसल्या. केळीला सकाळी पाणी देऊ म्हणाल्या खऱ्या, पण तेव्हा लाईट असेल की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. अडीच तास माझ्या गाडीत वीज जात होती आणि समोर त्यांची केळी सुकत होती. मध्येच त्यांनी विचारलं, ही लाईट येते कुठून. "आमच्या भुसावळहून, कोळशाची," आबा म्हणाले. "पण हळू बोला, तिला कळलं तर वायर काढेल." दोघं पोटभर हसले. मला मान वर करता आली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागलेले होते आणि देवी बसलेली होती. नाना दारात उभे होते. त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "एकलाना हात लागना रे भाऊ." नारळाला त्यांच्या एकट्याचाच हात लागला होता. आबा चौरंगापुढे बराच वेळ वाकून राहिले. मग दोघं एका ताटाशी बसून रोट जेवले. तेवढं अक्कांनी आम्हाला दिलं. जे त्यांना स्वतःला यंदा मिळणार नव्हतं, ते दिलं. नारळावर दोन भावांचे हात पडायचे राहिले ते माझ्यामुळे.

उन्हाळ्यात नाना गेले. पुढच्या श्रावणात आमच्याकडेही सुतक होतं. आबांनी त्या जनरेटरचं नाव आजपर्यंत काढलेलं नाही, आणि त्यांनी एकदा तरी रागवावं म्हणून मी वाट बघते.

डिझेल मला आजही नको आहे. पण त्या दिवशी मी जे सोडलं ते माझं नव्हतंच, आबांचं होतं. शरण जाणं म्हणजे स्वतःचं मत पुसून टाकणं, असं मला वाटायचं. मळ्यातल्या त्या बाईकडे बघून कळलं की समोरच्याची ओढ आपल्या गरजेपेक्षा मोठी मानणं, एवढंच ते असतं. कानबाईपुढे मी आता हात जोडते. मागत काही नाही, उपकार मानते आणि माफी मागते.

तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस यंदा कुठल्या देवाला, कुठल्या भावाला भेटायला आसुसलं असेल. आज त्याला विचारा, कधी पोचायचंय आणि कशानं जायचंय. तो सांगेल त्याच गाडीनं त्याला न्या, आणि एक दिवस आधी निघा.