तळीसाठी आणलेल्या गोळ्या

एकाहत्तर साली मी बी. ए. झालो. आमच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. नगरला कॉलेजात होतो तेव्हा पुणतांब्याहून दर शनिवारी गाडीनं भाकरीचं गाठोडं यायचं. ते वहिनी बांधत. मी पास झालो तर खंडोबाची तळी भरून भावकीला पुरणाचं जेवण घालायचं, हा नवसही त्याच बोलल्या होत्या.

पुरण थोरल्या सुनेनं शिजवायचं. पाळी आली तर तिनं चार दिवस बाहेर बसायचं. तळीचा रविवार नेमका त्याच दिवसांत येत होता. वहिनींच्या बहिणीनं पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दिलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"नगरला मिळत्यात म्हनं. तुमी शिकलेले, भाऊजी. तुमाला कसली लाज?"

मी लाजलोच. दुकानदारानं गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. परतीच्या गाडीत आतला इंग्रजी कागद वाचला. पोटरी दुखली, सुजली तर गोळी लगेच बंद करावी, शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"काय लिवलंय?" वहिनींनी विचारलं.

"रोज एक घ्यायची. वेळ चुकवायची नाही."

"येवढंच? येवढ्यासाठी येवढा कागद? इंग्रजी लई लांबड लावतंय बाई."

त्या हसल्या. मीही हसलो. बाकीचं सांगायचं तर वहिनींच्या पाळीविषयी आणि अंगाविषयी बोलावं लागलं असतं.

दोन दिवसांनी भावकीतले एक आजोबा वारले. सुतक आलं, तळी लांबली. सुतक फिटल्यावर तीन आठवड्यांनंतरचा रविवार धरला. मधेच सोडल्या तर पाळी नेमकी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून वहिनी गोळ्या घेतच राहिल्या. पाकीट संपलं तसं मी दुसरं आणून दिलं.

मग त्यांची डावी पोटरी सुजली. पाय मुरगळला असेल म्हणून आई रोज सकाळी कोमट तेलानं चोळायची. मी ओट्यावर बसून बघायचो. कागदावर काय होतं ते मला आठवत होतं. आईसमोर तोंड उघडत नव्हतं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी वहिनींच्या छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. दादानं आणि मी त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं.

"काही औषध चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई सायेब," दादा म्हणाला. "औषद कशाचं? ठणठणीत हुती की."

वहिनीही काही बोलल्या नाहीत. आजारात घेतात ते औषध. ही गोळी देवासाठी होती. त्या दिवशीचीही त्यांनी घेतली होती.

मी डॉक्टरांच्या मागं व्हरांड्यात गेलो आणि सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या गोळीत बाईच्या शरीरातल्याच दोन हार्मोनसारखी औषधं असतात, म्हणाले. पाळी नियमित करायला, मूल होऊ नये म्हणून हीच देतात. बहुतेकींना काही होत नाही. एखादीच्या रक्ताची गाठ होते, आणि ती छातीपर्यंत जाऊ शकते. सुजलेला पाय चोळायचा नसतो.

"तू शिकलेला ना? मग चार दिवस काय करत होतास?"

मला वाईटही वाटत नव्हतं. समोर नळ गळत होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

गोळी बंद झाली, इंजेक्शनं सुरू झाली. वहिनी वाचल्या. महिन्याभरानं घरी आल्या त्या जड पाय ओढतच. तो पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

तळी त्यानंतर झाली. त्या रविवारी वहिनी बाहेर बसल्या होत्या. पुरण चुलतीनं शिजवलं. माझ्या कपाळाला भंडारा लागला, येळकोट झाला, माणसं पंक्तीला बसली. आईनं माझ्या हातात ताट दिलं. गोठ्याच्या कडेला बाजेवर पाय लांब करून वहिनी बसल्या होत्या. मी ताट जरा लांबच खाली ठेवलं.

"पुरन नीट झालंय का?" त्यांनी विचारलं.

"झालंय," मी म्हणालो. मी अजून जेवलो नव्हतो.