भावोजींच्या मशीनचा ताप

घरातल्या पंख्यावर पहिला हक्क यंत्राचा आणि उरलासुरला वारा माणसांचा, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला दीर निघाला. लालबागच्या चाळीत त्यांची खोली आणि आमची खोली एकमेकींना लागून. त्यांच्याकडे एकच टेबलफॅन होता. पाहुणा आला की भावोजी त्याला पाणी देत, चहा देत, गावच्या आंब्यांची चौकशी करत, पण पंखा काही त्याच्याकडे वळवत नसत. एकदा भर मे महिन्यात जाऊबाईंचे मामा गावाहून आले. जिना चढून सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी आपल्याच हाताने पंख्याचं तोंड स्वतःकडे फिरवलं. भावोजींनी ते अदबीने परत फिरवलं आणि म्हणाले, "मामा, तुम्हाला घाम येतो. त्याला बिचाऱ्याला घामसुद्धा येत नाही." मामा त्यानंतर मुंबईत आले की आमच्या खोलीत उतरू लागले.

हा बिचारा म्हणजे कॉम्प्युटर. आता घरोघरी असतो तसा नव्हे, त्याच्या आजोबाच्या वयाचा. दिसायला टाइपरायटरसारखा, जाडजूड, तपकिरी, आणि चित्र बघायचं तर टीव्हीला जोडावा लागे. भावोजी आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायला होते. मग गिरण्यांचा संप झाला, आणि तो मिटला असं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही. वाट बघता बघता माणसं दुसरीकडे पांगली, तसे भावोजीही प्रभादेवीच्या एका बिल्डिंगमध्ये रात्रपाळीचे वॉचमन झाले. तिथल्या साहेबांच्या मुलाला नवीन कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यांनी हा जुना टाकायला काढला. भावोजींनी तो गोणपाटात गुंडाळून, लहान मूल आणावं तसा पोटाशी धरून घरी आणला. मग लॅमिंग्टन रोडला खेपा घालून त्यात जादा मेमरीची पाटी बसवली, रंगांची पाटी बसवली. पोटात एवढं कोंबल्यावर तो तापणार नाही तर काय होणार? शिवाय त्या भानगडीत त्याचा टेपही बंद पडला. त्यामुळे अर्धं झालेलं काम जपून ठेवायची सोय गेली. मशीन तापून अडलं की सगळं परत पहिल्यापासून.

त्यातून त्याला जागा मिळाली ती जाऊबाईंच्या खानावळीत, म्हणजे त्याच खोलीत. संपानंतर त्या घर चालवायला गिरणगावातल्या एकट्यादुकट्या माणसांना जेवणाचे डबे देत. सकाळपासून दुपारपर्यंत दोन स्टो भरभरत असायचे. चपात्या लाटायला मी असायचे. आणि भावोजींना मोकळा वेळ तेवढाच, कारण रात्री ड्युटी आणि संध्याकाळी टीव्हीसमोर अर्धी चाळ. एका भिंतीला स्टो, दुसऱ्या भिंतीला मशीन, मध्ये आम्ही दोघी. मशीन साहेबाच्या घरून आलंय म्हणून भावोजी त्याच्याबद्दल शुद्ध बोलत. "अगं, ज्योत जरा मंद कर. त्याला सोसत नाही." जाऊबाई मात्र मालवणीच बोलायच्या, "तुमच्या त्या पेटयेक वारो व्हयो, आणि मी हंय शिजतंय ता? माका कोण थंड करतलो?" यावर भावोजी खरोखर विचार करत आणि सांगत, "तुझ्यात मेमरी जादा नाही ना घातलेली."

त्यांच्या उपायांना अंत नव्हता. गिरणीत हवा कोरडी झाली की धागा तुटे, म्हणून खात्यात पाण्याचा बारीक फवारा सोडत. एका कामात जे खरं ते दुसऱ्यातही खरं, अशी भावोजींची समजूत. त्यांनी मशीनभोवती ओल्या गोणपाटाचा पडदा लावला आणि केशकर्तनालयातून फवाऱ्याची बाटली आणून त्यावर पाणी मारत बसले. आधी टीव्ही गुणगुणायला लागला. मग एक बटण दाबलं की पाच अक्षरं उमटायला लागली. शेवटी भावोजींना असा झटका बसला की बाटली जाऊन आमटीत पडली. "बघितलंस," ते हात चोळत म्हणाले, "जिवंत आहे." त्या दिवशी डब्यातली आमटी पातळ का, असं दोन गिऱ्हाइकांनी विचारलं.

नंतर घरातली अॅल्युमिनियमची झाकणं नाहीशी होऊ लागली. भावोजी ती कातरून आतल्या तापणाऱ्या भागांवर बसवत, कारण अॅल्युमिनियम उष्णता ओढून घेतं. ते खरंही असावं, पण आमचा भात उघड्यावर शिजायचा. मग दारावर येणाऱ्या कोळणीच्या पाटीतला बर्फ ते पिशवीत भरून घेऊ लागले. ती म्हणायची, "दादा, म्हावरा घ्या नायतर नुसता बर्फ कशाला मांगता?" बर्फाच्या पिशवीला बोंबलांचा वास, त्या वासाने चाळीतलं पिवळं मांजर आलं, आणि एकदा मशीनची ऊब पाठीला लागल्यावर ते जायचं नाव घेईना. कुणीही त्याला हाकललं असतं. भावोजींनी त्याला कामावर घेतलं. "नुसतं येऊन हुंगलं तर ठीक. अंगाचं मुटकुळं करून बसलं की समजायचं, धोका."

मांजर हजर नसेल तेव्हा माझी पाळी. "धाकटे, हात लाव बघू." मी त्यांच्याशी कधी वर बघून बोलले नाही, उत्तर द्यायचं ते जाऊबाईंकडे बघून. पिठाचा हात पदराला पुसून मी मशीनवर उलटा हात ठेवायचे आणि जाऊबाईंना सांगायचे, "चढलाय." की भावोजी पंखा आणखी जवळ ओढत.

असा हात लावता लावता टीव्हीकडे लक्ष जायचं. सगळ्यांना वाटे, भावोजी खेळ खेळतात. तिथे तर एकेक बारीक रेघ उमटत होती, खालून वर, एकीवर एक. लाल काठ, त्यात पिवळ्या गव्हाच्या लोंब्या. ओळखीचं वाटायला मला बरेच दिवस लागले. ती साडी होती. दर वेळी अंगाचा भाग पुरा व्हायचा, पदराची पहिली बोटभर नक्षी यायची, आणि बाराच्या सुमारास, दोन्ही स्टो जोरात असताना, चित्र थिजायचं. भावोजी मशीन बंद करत, भिंतीकडे तोंड करून झोपत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या रेघेपासून.

एकदा ते तसे झोपले असताना मी धीर करून जाऊबाईंकडे बघत, पण भावोजींना ऐकू जाईल असं विचारलं, "ही कुठली साडी?" भिंतीकडूनच उत्तर आलं, "साच्यावर होती. संपाच्या आदल्या पाळीला. पदराला लागलो होतो, तेवढ्यात भोंगा झाला. म्हटलं, आल्यावर पुरी करू."

जाऊबाईंनी हातातला झारा खाली ठेवला. त्या दिवशी पुढे मशीनवरून भांडण झालं नाही, त्यामुळे मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. डबे देताना मात्र त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, "उद्या डबो नाय." का म्हणून विचारलं तर, "घरात आजारी हा. ताप उतरणा नाय."

दुसऱ्या दिवशी भावोजी ड्युटीवरून आले तर स्टो थंड, खोली थंड, दारं-खिडक्या सताड उघड्या. ते दारातच थबकले. "काय गो, कोण गेलो?" शुद्ध बोलायचं विसरले. जाऊबाई म्हणाल्या, "कोण जाणा नाय. बसा तुमी. चाय प्यालास की चालू करा."

रेघा उमटू लागल्या. मांजर आलं, त्याला मी मांडीवर धरून बसले. अकराच्या पुढे मशीन तापलंच, कारण ते मुळात हावरट. मी तळवा ठेवला आणि जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी कोपऱ्यातलं सूप उचललं आणि उभ्याने वारा घालू लागल्या, जन्मभर तांदूळ पाखडलेल्या हातांनी. बारा वाजून गेले. पदराची नक्षी बोटभर झाली, वीतभर झाली. एकदा चित्र थरथरलं तेव्हा भावोजींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रेघा चालूच होत्या. मग आडवी सोनेरी पट्टी आली आणि रेघ थांबली. या वेळी थिजली नव्हती, संपली होती.

जाऊबाई टीव्हीपाशी गेल्या, वाकल्या, आणि दुकानात पदराचं पोत बघायला आपण दोन बोटांत धरतो तशी त्यांची बोटं काचेवर गेली. हातात काही येईना, तरी त्या तशाच चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरी हा. माका हिरवी बरी दिसली असती." भावोजी हसले. ते हसले की इतके म्हातारे दिसतात, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मशीनच्या फटींतून जळकट वास यायला लागला होता. भावोजींनी बटणाकडे हात नेला. "बंद करतंय आता. जळात."

"ऱ्हवांदे वायच," जाऊबाई म्हणाल्या. बोटं काचेवरून काढली नाहीत.

भावोजींनी हात मागे घेतला. मी मशीनवर तळवा ठेवला, तो भाजला, आणि पहिल्यांदाच कुणाला काही सांगितलं नाही.