अप्पांची तब्येत आणि वडीगोद्रीची लेक

तीर्थपुरीच्या स्टँडवर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गव्हाचं पोतं एकट्यानं एसटीच्या टपावर चढवलं होतं. मी खिडकीत रडायच्या बेतात. अप्पा खालून म्हणाले, "रडू नको, लोकं म्हणतील पोरगी नांदायला चालली." सगळी गाडी हसली. पुण्याला जाणाऱ्या भावी इंजिनिअरची अब्रू स्टँडवरच गेली.

आता पुण्यात फ्लॅट आहे, लिफ्ट आहे आणि अप्पांनी सत्तरी ओलांडली आहे. रोज फोनवर विचारतो, "तब्येत?" उत्तर ठरलेलं, "ठणठणीत." बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही. माझा विश्वास. माझ्यासारखे गाव सोडून आलेले सगळे असाच विश्वास ठेवतात, सोयीचा असतो.

मग ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांचं ऑपरेशन झालं आणि कंपनीचा विमा अर्ध्यातच संपला. माझी झोप उडाली. माझे आईवडीलही त्याच विम्यावर. वरून टॉप-अप पॉलिसी घ्यायचं ठरवलं. एकीत गुडघ्यांचं ऑपरेशन नाही, दुसरीत जुन्या आजाराला काही वर्षं थांबा, तिसरीत थोडा खर्च आपल्याच खिशातून. महिनाभर एक्सेलमध्ये रंग भरले आणि शेवटी जिच्या जाहिरातीतल्या म्हाताऱ्याच्या मिशा अप्पांसारख्या होत्या, ती निवडली.

अप्पांना समजावलं, "कंपनीचा विमा म्हंजे आपली विहीर. ती आटली की टॉप-अपचा टँकर येतो."

"बराबर. पण टँकर येईस्तोवर माणूस राह्यला पायजे ना?"

मी हसलो. शहाणाच होतो.

पॉलिसी देण्याआधी विमावाल्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर तब्येत विचारणार होत्या. अनोळखी नंबर अप्पा उचलत नाहीत, म्हणून मीच दोघांचा फोन जोडून दिला. "तुम्ही बोला, मी ठेवतो," म्हणालो आणि ठेवलाच नाही. म्यूट करून ऐकत बसलो. अप्पा फार पाल्हाळ लावतील ही धास्ती.

"आजोबा, काही त्रास?"

"बिलकुल न्हाई." मी खूश. पण आपल्याकडं बोलणं असं कुठं संपतं? "बाई, तुमी कुठल्या?"

"माहेर वडीगोद्रीचं."

"आगं, मंग तू तर शेजारच्या गावची, आपली लेक! तुला काय लपवायचं?" आणि अप्पा सुटले. "राजूरला गणपतीला गेल्तो. पायऱ्यांवर छातीवर जातं ठेवल्यावानी झालं. खालीच बसून राह्यलो. तवापासून मळ्यात जाताना थांबत थांबत जातो. पोराला सांगू नको माय, ते पळत येईल."

"आजोबा, हे मला लिहावं लागेल. आणि आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. जल्दी."

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? 'गेली पॉलिसी!' अप्पा दुसऱ्या नंबरावर आले. मिळेल त्या गाडीनं निघालो.

"कस्काय आलास?"

"ऑफिसचं काम होतं जालन्यात."

"तुझ्या हापिसाचं काम आन् जालन्यात? चोरून ऐकत होतास न्हाई का?" अप्पांनी चपला घातल्या. "चल मंग दवाखान्यात. तुझ्या मायला सांगू नको."

माय आतूनच ओरडली, "दम लागतो म्हून दोन दोन उशा घेऊन निजतेत, मला कळत न्हाई व्हय? तुला सांगू नको म्हून माझा गळा धरून ठेवलाय यांनी!"

जालन्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, भुवया वर केल्या आणि पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी लिहून दिली. तोवर जपून, म्हणाले. टॉप-अपवाल्यांनी 'तूर्त नाही' असं कळवलं. दुसरे कुणी घेतील का, घेतलं तरी हृदय वगळतील का, अँजिओग्राफीत काय निघेल? एक्सेल उघडतो, बंद करतो.

अप्पांना मळ्यात जाऊ नका म्हटलं तर ते संध्याकाळी बांधापर्यंत तरी जातातच. मी मागं मागं. मध्येच थांबतात आणि शेजाऱ्याच्या कपाशीकडं बघितल्यासारखं करतात. मीही थांबतो. कपाशीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी बोंडं, कीड, भाव, तोंडाला येईल ते बडबडत राहतो. त्यांचा दम परत जागेवर येईपर्यंत. लोक विचारतात, आता घर कुठलं, पुणं का तीर्थपुरी? सध्या तरी त्या कपाशीजवळ, आम्ही दोघं उभे राहतो तेवढीच जागा.