मापणाऱ्याचं माप

आमच्या गावच्या डेअरीत एक रीत आहे. जो माणूस मापाला उभा असतो, त्याच्या घरचं दूध त्यानं मापायचं नाही. त्याची किटली आली की तो बाजूला सरकतो, हात मागे बांधतो, आणि रांगेतलाच दुसरा कुणीतरी पुढे होऊन दूध काट्यावर ठेवतो, फॅटच्या मशीनला लावतो, आकडा मोठ्यानं वाचतो. ही रीत कुठे लिहिलेली नाही. माझे वडील, आमचे दादा, मी बालवाडीत होते तेव्हापासून तिथे मापाला आहेत. आमच्या गाईंचं दूध त्यांनी स्वतः मापलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. देवळाली प्रवरापासून जवळच, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. तिथून एसटीनं नगरला जाऊन मी कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत लागले. आम्ही कोल्ड स्टोरेजला, डेअऱ्यांना सेन्सर बसवतो. दूध किती गार आहे हे सेन्सर सारखं कळवत राहतो आणि ते एका डेटाबेसमध्ये साठत जातं. त्याला टाइम सिरीज डेटाबेस म्हणतात. नाव जड, काम सोपं. त्यातल्या प्रत्येक नोंदीच्या कपाळावर वेळ लिहिलेली असते. अमुक वाजता दूध एवढं गार होतं, बस्स.

तर आमच्याच गावच्या डेअरीचं काम कंपनीनं माझ्याकडे दिलं, आणि मला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटली. कारण होतं मागच्या उन्हाळ्याचं. भर दुपारी कूलर बंद पडला होता. दादा भाकरी खायला घरी आले होते. परत जाऊन पाहतात तो टाकीतलं सगळं दूध नासलेलं. टँकरवाल्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि रिकामाच गेला. गावाचं दूध कालव्याच्या चारीत ओतावं लागलं. डेअरीच्या चेअरमननं सांभाळून घेतलं. पण आमच्या गल्लीतले तात्या, ज्यांच्या जिभेला गाव टरकून असतं, ते चारचौघांत म्हणाले, "घोरत पडला आसंल, दुसरं काय!"

 भाकरी खायला किती वेळ लागला हे कोण सांगणार आणि कोण मानणार? तेव्हापासून दोन-तीन घरची माणसं दूध घालून झाल्यावरही मुद्दाम कूलरपाशी रेंगाळायची. दादा ते बघायचे आणि काटा पुसत राहायचे.

कूलरपाशी मशीनची डबी बसली, चालली. मग सकाळचं दूध उरकल्यावर चेअरमननं सभासदांना थांबवून घेतलं. यंत्र ठेवायचं की काढायचं हे ठरवायला. मी उभी राहायच्या आधीच दादा पुढे आले, कमरेची डेअरीची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

"पोरीचं मशीन झोपलं, तर ही किल्ली मी परत उचलणार न्हाई."

 घरी हे बोललेच नव्हते.

तात्या समोरच पोत्यावर बसले होते. मी सांगायला लागले, दूध तापायला लागलं की चेअरमनच्या आणि दादांच्या फोनवर मेसेज येईल. तात्यांनी हात वर केला.

"आन् मेसेज न्हाई आला, तर?"

"तर दूध गार आहे, तात्या."

"का मशीन मेलंय?"

माणसं हसली. पण प्रश्न खरा होता, आणि माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा होता. मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजूनच तर दूध नासतं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. म्हटलं, "तात्या, मशीनच्या पोटात वेगवेगळ्या बादल्या आहेत. त्याला इंग्रजीत बकेटच म्हणतात. ही मोठी बादली दुधाची. पण ह्या बघा दुसऱ्या दोन. ह्या कुणी भरत नाही, मशीन स्वतःच भरतं. नावाच्या आधी खाली आडवी रेघ दिसते ना? ती खूण. म्हणजे हे दुधाचं नाही, मशीनचं स्वतःचं."

"मशीनला काय दूध निघतंय?"

"त्याचं काम निघतं. त्याला जी कामं नेमून दिलीत, सरासरी काढ, तपासून बघ, ती कधी सुरू केली, पार पडली की मध्येच फसली, ते एकीत. तपासल्यावर काय आढळलं, ठीक की धोका, आणि मेसेज धाडला की नाही, ते दुसरीत."

सेक्रेटरीला वेगळीच काळजी. "आसलं लिहून लिहून मशीन भरून जाईल की गं. पुसून टाक ते, आपल्याला दुधाशी मतलब."

"आपोआप पुसलं जातं, काका. आपल्या फळ्यासारखं." भिंतीवरच्या फळ्यावर रोजचं फॅट खडूनं लिहितात, नवं लिहायला जुनं पुसतात. "दुधाची नोंद पासबुकासारखी, वर्षभर ठेवू. ही फळ्यावरची. फार तर आठवडाभर राहते आणि जाते. आज मशीन धड आहे का, एवढंच कळायला ती."

दोन-तीन माना हलल्या. मला वाटलं जमलं. तेवढ्यात तात्या उठून टेबलापाशी आले.

"थांब, पोरी. मशीन नीट चाललंय हे मशीनच लिहितंय?"

"हो."

"आन् त्याच्याच पोटात ठिवतंय?"

"हो."

तात्या सभेकडे वळले. "म्हंजी सोताचं दूध सोताच मापतंय की रं ह्ये! हिच्या बापाला आपुन जे कधी करू दिलं न्हाई, ते मशीनला करू द्यायचं व्हय?"

हशा पिकला. दादांनी मान खाली घातली. आणि मी, खरं सांगते, मी मनातून नाचत होते. कारण हाच प्रश्न मी नगरला, ऑफिसात बसून स्वतःला विचारला होता. आमचे साहेब म्हणाले होते, एवढ्याशा डेअरीला ह्या नोंदींची दुसरी प्रत कशाला? मी म्हटलं होतं, सर, आमच्या गावात मापणाऱ्याचं दूध दुसरा मापतो. साहेबांना ते कळलं नाही, पण त्यांनी करू दिलं.

"तात्या, ह्या दोन बादल्या नगरला आमच्या ऑफिसातल्या मशीनकडेही जातात. क्षणाक्षणाला. इकडून जायच्या थांबल्या तर नगरचं मशीन बोंब मारतं. खोटं वाटत असेल तर डबीची ती काळी वायर उपसा."

"उपसू?"

"उपसा की."

तात्यांनी वायर उपसली. डबीवरचा हिरवा दिवा गेला. चहा आला. कुणी बोललं, "नगरला फोन पोचंस्तवर दूध दही व्हईल." दादा किल्लीकडे बघत होते, मी फोनकडे. एकाएकी रेंज गेली असेल तर? चेअरमनच्या फोनला इथे कोपऱ्यात धड रेंज नसते हे मला माहीत होतं आणि ते नेमके कोपऱ्यातच बसलेले. "चेअरमन, जरा दाराशी येता का?" असं म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तात्यांनी मला तिथेच फाडून खाल्लं असतं.

आधी दादांच्या खिशात वाजलं. मग चेअरमनच्या, कोपऱ्यात असूनही. चेअरमननं चष्मा लावून वाचलं, "डेअरीतलं मशीन गप्प आहे. ताबडतोब जाऊन बघा."

मराठीत होतं. मीच तसं लिहून ठेवलं होतं.

वायर परत लावली. दिवा आला. मी पडद्यावर दाखवलं, इथवर सगळी कामं पार पडलेली, इथे मोकळी जागा, इथून परत सुरू. तात्यांनी वाकून त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"म्हंजी ह्ये कवा झोपलं, किती झोपलं, समदं दिसतंय."

"दिसतं."

"माणसाचं दिसत न्हाई असं," ते म्हणाले. मग किल्ली उचलली आणि दादांच्या पुढ्यात धरली. "घे गड्या. मागल्या उन्हाळ्यात मी बोललो, ते बोलाया नको हुतं. बघितलं न्हवतं मी."

दादांनी किल्ली घेतली. कमरेला बांधताना गाठ दोनदा मारली.

संध्याकाळी आई आमची किटली घेऊन आली. दादा सवयीनं बाजूला सरकले. मी काट्यापाशीच उभी होते, उत्साहात किटलीला हात घातला.

"तू न्हाई," दादा म्हणाले. "आपलं दूध हाय ते."

सगळे हसले, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तात्याच पुढे आले. दूध फॅटच्या मशीनला लावलं, आकडा मोठ्यानं वाचला, आणि आईला म्हणाले, "चांगलं लागलंय. पानी घालायचं इसरली जणू आज?"

"समदं पानी तुमच्या उसाला जातंय, तात्या," आई म्हणाली. "दुधाला कुठनं उरायचं?"