व्हिसा लागलेला पासपोर्ट

ती घटना आजही आठवते, आणि खरं सांगायचं तर आठवू नये असंच वाटतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच विसरलो. हा एक गहाळ पासपोर्ट मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून भाजी-पाव खायला बसलो होतो, तेवढ्यात शिरगावकडचा एक माणूस मुलीला घेऊन आला. तो खाणीवरच्या ट्रकचा ड्रायव्हर. बायको वारलेली, ही एकुलती एक मुलगी. मी दोघांना ओळखत होतो, कारण मुलीच्या व्हिसासाठी लागणारा आमच्या ठाण्याचा दाखला त्यानेच नेला होता, वर आम्हाला पेढेही दिले होते. मुलीला ऑस्ट्रेलियात पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायचं होतं. बँकेची पत्रं, प्रतिज्ञापत्रं, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, सगळ्यासाठी हा माणूस ड्युटी बुडवून धावला होता. लग्नघरातसुद्धा बाप एवढा धावत नाही.

व्हिसा लागलेला पासपोर्ट कुरियरच्या ऑफिसातून त्यानेच घेतला होता. मग मासळी घ्यायला बाजारात थांबला. परत येऊन बघतो तर स्कूटरची डिकी उघडी आणि पाकीट गायब, असं त्याचं म्हणणं. मुलगी रडत नव्हती, फक्त विचारत होती, "सायब, जुलयंत वर्ग सुरू जातले. मेळटलो न्ही?" मी तक्रार नोंदवून घेतली. नवा पासपोर्ट लवकर मिळावा म्हणून त्याच दिवशी तिने आमच्या नोंदीची प्रत जोडून पासपोर्ट ऑफिसला हरवल्याचं कळवलं. नियम तसाच आहे, आणि मीच तिला तसं सांगितलं.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. "हरमलच्या पोराक विचारात. ती गेल्ली त्याका नाका." हरमलला पर्यटकांना स्कूटर भाड्याने देणारा एक तरुण होता, कॉलेजात मुलीच्या वर्गात होता. त्याला बोलावलं. अशा प्रकरणात प्रेमवीरावर संशय घ्यायला पोलिसाला फार बुद्धी लागत नाही. मी त्याला बराच वेळ नुसतं बसवून ठेवलं, मग आवाज चढवला. पोरगा घाबरला, पण डगमगला नाही. म्हणाला, "सायब, तिचे फॉर्म हांवेंच भरले. ती ऑस्ट्रेलियाक वतली हें म्हाका पयलींच खबर आसा. वायट दिसता. पूण म्हणून तिचें वाटोळें करूं?" मी त्याला सोडून दिलं. तो फोन कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खोटं बोलणारा माणूस एवढ्या लवकर 'वाईट वाटतं' म्हणून कबूल करत नाही.

मासळी बाजारासमोरच्या दुकानाचा कॅमेरा तपासला. स्कूटर नीट दिसत होती. डिकीला कोणी हातसुद्धा लावला नव्हता. बापाला विचारलं तर म्हणाला, मग वाटेत कुठे पडला असेल. आता माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बापावर संशय घ्यायला जीभ रेटेना. घर तपासलं. कपाटं, तांदळाचं पिंप, गाद्या, मुलीने स्वतः सगळं उलथंपालथं केलं. काही मिळालं नाही.

जीपमध्ये आमचा हवालदार माझ्या शेजारी बसला. हा स्वतः लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरून जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा भक्त. जत्रा तोंडावर आली होती. जीप सुटल्यावर तो बोलला, "सायब, हो मनीस वर्सानुवर्सां आमच्या वांगडा होमांत चलता. औंदा व्रताक बसूंक ना. घरांत सुतक ना, कोण आजारी ना. कित्याक बसूंक ना?"

मी जीपच्या ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.

देवघराशेजारी खुंटीला धोंडाचं गाठोडं होतं. आत वेताची काठी आणि व्रताचं धोतर. ते सोवळ्यातलं. घरातली बाई, पोर कोणी शिवत नाही, म्हणून मुलीने ते पाहिलंच नव्हतं. माझ्या हवालदाराने पाहिलं होतं आणि हात जोडून पुढे गेला होता. मीही त्याला अडवलं नव्हतं. त्या गाठोड्याला हात लावू शकणारा घरात एकच माणूस होता.

"काढ," मी म्हणालो.

"न्हावन येतां," तो सवयीने बोलला. मग गाठोडं तसंच खुंटीवरून काढलं. "आतां न्हावन कितें जातलें?" त्याने गाठोडं सोडलं. धोतराच्या घडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट होता.

मी विचारण्याआधीच तो बोलू लागला. "कागद करताना बरें दिसतालें, सायब. तिचें काम करतां म्हणून. व्हिजाचो शिक्को पळयलो आनी घर रितें दिसलें. तिका ना म्हणपाक तोंड जालें ना. म्हटलें, वर्ग सुरू जावंदी, मागीर सांपडलो म्हणून दितलों. पूण देवीक फसोवन होमांत कसो चलूं? हो घ्या. फाल्यां तिका धाडूया."

त्याला खरंच वाटत होतं की अजून सगळं जागच्या जागी आहे. मला सांगावं लागलं की हरवल्याची नोंद झाली त्याच दिवशी हा पासपोर्ट रद्द झाला, आणि त्यावरचा व्हिसाही बाद. नवा पासपोर्ट, मग नवा व्हिसा. जुलैपर्यंत काही होणार नाही. गुन्हेगारांना शिक्षा सुनावताना मी पाहिलं आहे, पण त्याच्यासारखा चेहरा पाहिला नाही.

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुवें राव म्हणलें आसतें, तरी हांव गेलें आसतें, बाबा," ती म्हणाली. "पूण परत आयलें आसतें."

खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे, पण मुलीने हात जोडले. वरिष्ठांशी बोलून मी तंबीवर भागवलं आणि कागदावर 'मिळून आला' असा शेरा मारला. मुलगी मावशीकडे फोंड्याला राहायला गेली. ऑस्ट्रेलियातली ती जागा गेली. पुढच्या वर्षी तिने दुसरीकडे प्रवेश मिळवला. तिचे कागद पुढे सरकतात का, हे विचारायला बाप अधूनमधून ठाण्यात यायचा, कारण तिला विचारायची सोय त्याने ठेवली नव्हती. ती निघाली त्या दिवशीही तो आला, बाकावर बसून राहिला आणि संध्याकाळी मला म्हणाला, "आतां गेली आसतली न्ही, सायब?" मी म्हणालो, "गेली असेल." मला तरी कुठे ठाऊक होतं?

या प्रकरणाने मला तपासातलं काही शिकवलं नाही. शिकवलं ते घरातलं. पुढे माझी मुलगी परराज्यात नोकरीला जाते म्हणाली, तेव्हा जेवणाच्या ताटावर तोंडावर सांगितलं, तू गेलेली मला नको आहे. चांगलं कडाक्याचं भांडण झालं. बायकोने दोघांनाही झापलं. मुलगी गेलीच. दर रविवारी तिचा फोन येतो आणि ती तेच भांडण पुन्हा उकरून काढते. मी ते मुद्दाम लांबवतो.