लांब घ्यावी की आखूड

धोटेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दारं तपासत, चहा नंतर. मागच्या अंगणाचं सरकतं काचेचं दार ओढून बघायचे, गराजचं दार जमिनीला टेकतं की नाही ते वाकून पाहायचे आणि यजमानाला सुनवायचे, "घर आहे की धर्मशाळा राजेहो?" स्वतःच्या गराजचं दार उघडायचा कोड मात्र अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमधल्या निम्म्या मराठी मंडळींना पाठ! आम्ही कोड दाबायचो, चपला काढायचो आणि "काकू, चहा!" असं ओरडत थेट स्वयंपाकघरात. बेल वाजवली तर काका रागवत. "परका आहेस काय बे?"

ते मूळचे नागपूरचे, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. मी पुण्याहून आलेला, एकटा, त्यांच्या घराला भिंतीला भिंत लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये भाड्याने राहणारा. मला ते 'पुणेकर' म्हणत आणि मी चिडलो की खूश होत. नवा कुकर आणला तरी आधी नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढणार. "टेस्ट केल्याशिवाय माझ्या घरात काही रिलीज होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

२००६च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात देशी लोकांची घरं फोडली जाऊ लागली. आपल्या घरांत सोनं असतं, हे चोरांनाही कळलं होतं. एका घरात तर भरदुपारी शिरले, तेव्हा बाई वरच्या मजल्यावर अंघोळ करत होती. ते ऐकलं आणि काकांच्या जिवाला चैन पडेना. त्यांची मुलगी रेवा शाळेतून आल्यावर संध्याकाळपर्यंत घरात एकटी असायची.

मग सुरू झालं, लांब नळीची शॉटगन घ्यावी की आखूड हँडगन? बंदूक घ्यायची हे त्यांच्या लेखी ठरलेलंच होतं. सोमवारी म्हणायचे, "लांबडीच बरी. नुसती दिसली तरी चोर पळून जाते." मंगळवारी, "पण ती घेऊन जिन्यात वळायचं कसं? आखूड बरी." बुधवारी, "आखूड लपवायला सोपी, म्हणजे पोरीच्या हाती लागायलाही सोपी." आणि इथल्या भिंती म्हणजे पुठ्ठा. नेम चुकला तर गोळी थेट माझ्या बेडरूममध्ये. "म्हणजे मलाही मत द्यायचा हक्क आहे की," मी म्हटलं, तर म्हणाले, "तू आधी पलंग हलव."

"बाबा, जस्ट गेट ॲन अलार्म!" रेवा वैतागायची.

"अलार्म वाजल्यावर पोलीस येईस्तोवर काय करू? आरती म्हणू?"

सगळे हसत. काका हसत नसत. ते मधूनच उठून खिडकीचा पडदा बाजूला करून बघून येत. आम्हाला त्याचीही गंमत वाटायची.

एका शनिवारी सकाळी मी काकूंचा डबा परत द्यायला गेलो. नेहमीसारखा कोड दाबला, गराजमधून आतलं दार ढकललं आणि जागच्या जागी थिजलो. समोर काका! झाडूचा लांब दांडा खांद्याला लावलेला, टोक माझ्या छातीवर. जिन्याच्या कठड्यावर हेअर ड्रायर ठेवलेला. दांडा म्हणजे शॉटगन, ड्रायर म्हणजे हँडगन. दोन्ही घेऊन जिना उतरून बघायचं चाललं होतं.

"मेलो, मेलो!" म्हणत मी छातीवर हात ठेवला. नाटकात काम मिळावं इतकं छान केलं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातून दांडा गळला आणि ते मटकन पायरीवर बसले.

"मारला असता बे तुला," ते म्हणाले. "दार वाजलं अन् डोक्यात चोराशिवाय काही राहिलंच नाही. तुझा चेहरा दिसला मला. पुणेकर आहे, हेही कळलं. तरी बोट थांबलं नाही. चाप ओढलाच मी."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. काकू ओल्या हातांनीच बाहेर आल्या. "अहो, या दारातून आजवर आपलीच माणसं आलीत," एवढंच म्हणाल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग काय ठरलं काका? लांब की आखूड?"

"कुठलीच नाही. बंदुकीत खोट नाही रे, घाबरलेल्या माणसात आहे. फेल झालो मी."

अलार्म बसला. काकूंच्या आग्रहावरून गराजचा कोडही बदलला आणि काकांनी त्याच संध्याकाळी तो आम्हा सगळ्यांना फोन करून सांगितला. चोऱ्या थांबल्या नव्हत्या. काकांची तगमगही थांबली नव्हती. रोज दुपारी ऑफिसातून रेवाला फोन, तिने उचलला नाही की मला फोन, मग मी धावत जायचं आणि ती हेडफोन लावून बसलेली.

पुढे ते नोकरीसाठी ओहायो राज्यातल्या डब्लिनला गेले आणि तिथेच हृदयविकाराने गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी लहान पोरासारखा रडलो. आजही इथल्या मराठी मंडळात कुणी आठवण काढली की म्हणतात, "धोटे ना? फार भित्रा माणूस!" मला संताप येतो. होते ते भित्रे. पण इतकं घाबरूनही बंदुकीवाचून राहायला काय लागतं, ते मी पाहिलंय. त्या सकाळी त्यांच्या समोर मी उभा होतो.